नव्वद फूट केळी

मी, रुपचंद झिपरू पाटील, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार निंबखेडे, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी गळ घातलेली नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. डॉक्टर म्हणतात घाई नाही. मला आहे. याआधीचा मसुदा रद्द समजावा. त्यात एक चूक होती, ती कलम सहामध्ये सांगितली आहे.

कलम १. राहते घर, त्यातील सर्व सामान आणि पोस्टातील ठेव माझी पत्नी लताबाई हिला द्यावी. तिने घर विकायचे ठरवले तर कोणी अडवू नये. शिवणयंत्र माझ्या मालमत्तेत धरू नये. ते तिच्या माहेरचे आहे. केळीच्या घडांवर घालतात त्या निळ्या पिशव्या कापून तिने त्या यंत्रावर आमच्या फुटबॉल संघाला सरावाच्या बंड्या शिवून दिल्या. बावीस वर्षे दिल्या. एकदा जिल्ह्याचे पदक माझ्या गळ्यात पडले तेव्हा ती म्हणाली, "गळा तुमचा, पिशव्या माझ्या." पदक तिला द्यावे.

कलम २. पाटाकडची दोन एकर केळी, मोटार आणि ठिबक माझा पुतण्या योगराज याला द्यावे. मला मूल नाही. योगराजने मला ते जाणवू दिले नाही. संघाला धुळ्याला न्यायला त्याने केळी भरायची गाडी कितीदा रिकामी ठेवली, ते मला माहीत आहे. आमचा वाद एकच. तो म्हणतो, "नाना, तुमचा खेळ बघायला गोड आहे. पण वरच्या गटात जायचं तर पुढे दोन उंच पोरं बाहेरून आणा आणि चेंडू थेट त्यांच्या डोक्यावर टाका. मी आणतो." तो खरोखर आणेल. त्याचे म्हणणे मूर्खपणाचे नाही. हे मी त्याला तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे लिहितो.

कलम ३. आता मैदान. हे कलम गणित शिक्षकाने लिहायला जड आहे.

निंबखेडे फुटबॉल मंडळाचे मैदान माझ्या गटातील उत्तरेच्या तुकड्यात आहे. दोन हजार दोन साली तिथली केळी काढली, खुंट उभे होते. टेप नव्हता. मी ओळी मोजल्या. साठ ओळी, दोन ओळींत सहा फूट, म्हणजे तीनशे साठ फूट. तिथे गोलचे खांब रोवले. पुढची केळी तशीच ठेवली. सहा फुटांवर लागवड मी माझ्या तुकड्यात केली होती. हा तुकडा माझ्या वडिलांनी लावलेला, आणि ते साडेचार फुटांवर लावत. मैदान दोनशे सत्तर फूट झाले. नियमाने किमान तीनशे लागते. रुंदी पाटापासून बांधापर्यंत असल्याने ती तेवढी बरोबर आली.

हे कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही. पोरे त्या मैदानावर खेळायला शिकली. लांब मारलेला चेंडू केळीत जाई आणि ज्याने मारला त्याने तो शोधून आणायचा, असा नियम होता. म्हणून कोणी लांब मारीना.

पुढच्या वर्षी धुळ्याला पहिला मोठा सामना खेळलो. पुऱ्या मापाचे, तीनशे साठ फुटांचे मैदान. आमचे पास अर्ध्यावर मरत होते. सहा शून्य हरलो. धुळ्याच्या संघाचे प्रशिक्षक पंडित, एसटीच्या कार्यशाळेतले मिस्त्री, शेवटी हात मिळवताना म्हणाले, "गुरुजी, हाऊ फुटबॉल शे का निरोप देवानं काम शे?" म्हणजे आमचा खेळ फुटबॉल नव्हे, हातोहात निरोप पोचवणे. त्यांची पोरे हसली. हे वाक्य मी बावीस वर्षे सांभाळले आहे. ते कोणाला द्यायचे नाही.

कलम ४. परतताना सोनगीरला चहासाठी थांबलो. किल्ल्याखाली टपरीवर सगळे एकदम बोलत होते. पुढे एक धिप्पाड गडी हवा, असे सर्वांचे मत पडले. जळगावला असा एक होता. तो जेवढे मागत होता तेवढ्यात आम्ही सगळे वर्षभर खेळलो असतो. आमचे मंडळ कोरडवाहू. जे पडेल त्यावर पीक.

खाज्या पावरा बोलत नव्हता. तो सातपुड्याच्या पायथ्याचा. पावसाळ्यात स्वतःच्या रानात, बाकी वर्षभर आमच्याकडे केळी कापणीच्या टोळीत. आमचा गोलरक्षक. सहाही गोल त्याच्यावर झाले होते. मी विचारले, "खाज्या, तुला काय वाटतं?"

तो म्हणाला, "सर, घड कापला का आपन फेकतो का?"

"नाही."

"मंग? कापनाऱ्याच्या जवळ खांदा नेतो. शेत मोठं असलं तर टोळीच पुढं सरकते. घड लांब नाही टाकत."

 मग एकजण म्हणाला, "पण फार पळावं लागेल."

खाज्या म्हणाला, "मंग काय, बसून खेळायचं का?"

आमचा खेळ तिथे ठरला. मैदान मोठे असेल तर चेंडू लांब मारायचा नाही, माणसे जवळ आणायची. दहाही जणांनी एकत्र पुढे जायचे, एकत्र मागे यायचे. केळीचा घड जमिनीला टेकू द्यायचा नाही आणि चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही. याला पैसे लागत नव्हते, दम लागत होता, आणि कापणीच्या टोळीतल्या माणसांकडे तो होता. पुढे एका वर्तमानपत्राने याला "रुपचंद सरांची शैली" असे नाव दिले. मी कात्रण जपून ठेवले, दुरुस्ती कळवली नाही. ती इथे कळवतो. शैली खाज्याची आहे. उरलेला वाटा नव्वद फुटांचा.

खाज्याला माझी मोटारसायकल, आणि ते कात्रण. कात्रणावर मी माझे नाव खोडून त्याचे लिहिले आहे.

कलम ५. तिसऱ्या वर्षी पंडित त्यांचा संघ घेऊन आमच्याकडे आले आणि दोन एकने हरले. पोरे जेवायला बसली तेव्हा ते एकटे मैदानावर एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

"गुरुजी, तुमी शाळामा काय शिकाडतस?"

"गणित."

"तुमनं मैदान नव्वद फूट कमी शे."

मी उठलो, पावलांनी मोजले, खाली बसलो. ते जिल्हा संघटनेकडे गेले असते तर निकाल फिरला असता आणि आमच्या गावातले सामने बंद झाले असते. मी विचारले, आता कोणाला सांगणार?

ते म्हणाले, "कोनले सांगू? लोक म्हनतीन, हारना म्हनीसन टेप लई उना." हरला म्हणून टेप घेऊन आला, असे लोक म्हणाले असते. मग जेवायला गेले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्यांनी कोणाला सांगितले नाही. मीही नाही. त्यानंतर गावात स्पर्धेचा सामना मी घेतला नाही, काही ना काही कारण सांगत राहिलो. ती कारणे खोटी होती. केळी तोडून मैदान वाढवता आले असते. खेळ बिघडेल या भीतीने वाढवले नाही. पंडित यांना माझा शंभर फुटी पोलादी टेप द्यावा. तो मी त्याच आठवड्यात घेतला होता.

कलम ६. मसुद्यात या कलमात असे लिहिले होते: "मैदान मंडळाला द्यावे, मात्र मंडळाने कायम जमिनीवरून, जवळच्या पासांनीच खेळावे. खेळण्याची पद्धत बदलल्यास मैदान योगराजकडे जावे." ते मी मसुद्यात खोडले, आणि इथेही खोडूनच उतरवले आहे. वकील म्हणाले, ते वगळूनच लिहा. नको. खोडलेले दिसू द्यावे.

कारण असे. रोशनी ही खाज्याची मुलगी. गोलच्या मागे केळीत गेलेले चेंडू शोधत मोठी झाली, मध्यभागी खेळली, प्रशिक्षकाची परीक्षा पास झाली. सहा वर्षे मुलांचे आणि मुलींचे दोन्ही संघ तीच घडवते. ती चेंडूपेक्षा चेंडू नसलेल्या माणसाकडे पाहते. हे मला पन्नाशीनंतर जमले, तिला विशीत. तिला मसुदा वाचायला दिला. तिने तो उभ्याने वाचला.

"सर, मेल्यावरबी लायनीवरून ओरडणार का तुम्ही?"

आतून लताबाई म्हणाली, "त्यांना सुचवू नको गं. जमेल त्यांना."

मी म्हणालो, "तुझ्या बापाचाच खेळ आहे. तोच जपतोय."

"माझ्या बापाला कोणी कागदावर लिहून दिला होता का? त्यानं समोरचं शेत बघितलं." तिने कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला. "मला शेत बघू द्या."

मी त्या दिवशी खोडले नाही. राग आला होता. खोडले ते मागच्या रविवारी, चार जानेवारीला. ते कसे ते शेवटी लिहितो.

कलम ७. मैदान आणि त्याच्या उत्तरेची नव्वद फूट केळी निंबखेडे फुटबॉल मंडळाला विनाअट द्यावी. केळी ठेवायची की तोडून मैदान वाढवायचे, चेंडू जमिनीवर ठेवायचा की उचलायचा, बाहेरून माणूस आणायचा की नाही, हे रोशनी खाज्या पावरा ठरवील. योगराजशी तिने बोलावे. ऐकलेच पाहिजे असे नाही. बाजूच्या रेषेवर मी बसतो तो दगड आड येत असल्यास काढावा.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी योगराजने करावी. ज्याचे म्हणणे मी ऐकले नाही त्याच्यावरच हे काम सोपवतो, कारण तो ते चोख करील.

आता रविवार. आमच्या मुलींचा मैत्रीचा सामना होता पंडित यांच्या मुलींशी, आमच्याच आखूड मैदानावर. पंडित माझ्या दगडावर माझ्या शेजारी बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येते. बरोबरी होती, थोडाच वेळ उरला होता. चेंडू आमच्या गोलरक्षक ममताकडे आला. धुळ्याच्या मुली आमचा खेळ पाठ करून आल्या होत्या. जवळच्या प्रत्येकीला एकेक चिकटली होती. ममताने रोशनीकडे पाहिले. रोशनीने हात वर केला.

ममताने चेंडू लांब मारला.

मी ओरडायला उठलो. बावीस वर्षांत आमच्या गोलमधून असा चेंडू गेला नव्हता. तो सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. पुढे एकच मुलगी धावत होती, आणि ती चेंडू सुटायच्या आधी धावायला लागली होती. मी ओरडलो नाही. खाली बसलो. चेंडू तिच्या पुढ्यात, एका पावलावर पडला.

गोल झाला.  पंडित माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "निरोप पोची गया, गुरुजी."

घरी येऊन मसुद्यातले कलम सहा खोडले.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

रुपचंद झिपरू पाटील (सही)

साक्षीदार १: तोताराम महाजन, निवृत्त पंच, चोपडा (सही). त्यांनी दोन हजार चार साली दिलेला ऑफसाइड मला अजून मान्य नाही. सही मान्य आहे.

साक्षीदार २: नीलेश सोनवणे, औषध विक्रेते, चोपडा (सही)

कलम ६ मधील खोडाखोड माझी असून तिच्याजवळ आम्ही तिघांनी आद्याक्षरे केली आहेत.

स्थळ: निंबखेडे, मैदानावर
दिनांक: ९ जानेवारी २०२६