ते तीन दगड माझे होते

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. रडून झालं, म्हणून आता भांडायला बसले आहे.

काल वर्षश्राद्धाची पंगत उठली आणि नेकनूरचे मौलवीसाहेब, तुमचे जुने दोस्त, ओसरीवर टेकले. तुमच्या अरबी-फारसी कवितेवरच्या टिपा हैदराबादेत छापायच्या म्हणून वह्या मागत होते. म्हणाले, "बेटी, तुमारे अब्बा की वो तीन पत्थराँवाली बात मैं आज तलक नईं भूल्या."

अप्पा, ती बात तुमची होती?

मी अकरा वर्षांची होते. त्या सकाळी आपल्या शेतातून धनगरांचा तळ उठला होता. मागं लेंड्या, राख आणि चुलीचे तीन काळे दगड. आदल्याच दिवशी तुम्ही शिकवलं होतं, की अरबी कवी प्रियेच्या उठून गेलेल्या तळाच्या खुणांपाशी उभा राहून रडतो आणि फारसी कवितेतला पतंग दिव्यावर झेप घेतो, आणि जाणते दोघांची ओढ देवाचीच मानतात. "मग दोघांचा देव कुठं हाय, गोदे?" त्या दगडांपाशी तुम्ही विचारलंत. मी दगडावर हात ठेवून म्हटलं, "अरबीतला उठून गेलाय, पण दगड अजून कोमट हायत. फारसीतला समोरच हाय, हात लावला की जळतं."

घरी येऊन मी ते तख्तीवर लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि रोजच्यासारखी तख्ती धुवायला लावलीत. दादाला कागद मिळायचा. मला लाकडाची फळी, मुलतानी माती आणि पाणी. कावून, अप्पा?

पुढं माजलगावच्या बैठकीत, पडद्यामागं विडे लावताना, माझे दगड तुमच्या तोंडून ऐकले. लोक वाहवा करत होते. परतताना गाडीत मी म्हटलं, ते माझं होतं. तुम्ही हसलात. "बाईमाणसाच्या नावानं बैठकीत कोण ऐकतंय, पोरी?" आणि डोक्यावरून हात फिरवलात. त्या हाताचा मला आजही राग येतो. आजही तो हवा असतो, याचा जास्त.

आज तुमची पेटी उघडली. वाटलं, एखाद्या कोपऱ्यात तरी 'गोदा म्हणाली' असं असेल. दगड सापडले, सुबक अक्षरात. मी नव्हते. गावातलं झाड न् झाड ज्याच्या त्याच्या नावावर लावणारे पटवारी तुम्ही, तुम्हाला मुलीचे तीन दगड तिच्या नावावर लावता आले नाहीत?

आणि चोरलंत तेही अर्धंच! दगड कोमट होते, हे तुम्ही गाळलंत. तिथंच तर दोन्ही कविता भेटतात, अप्पा. आग एकच, इथं निवत आलेली, तिथं पेटती. तुम्ही दगडाला हात लावलाच नव्हता.

गुरुवारी मौलवीसाहेब येतील. वह्या मी देईन. तुमची मेहनत मी धुणार नाही. पण त्या पानावर राहिलेलं वाक्य शाईनं लिहीन, खाली माझं नाव घालीन आणि ओसरीवर येऊन त्यांना तसं तोंडानं सांगेन. त्यांना माझं नाव नको असेल, तर ते पान वहीतून काढून घेईन. हा शब्द.

तुमच्यावर रागावलेली,
गोदावरी