कवडूची आई

३ जानेवारी १९८७

आईनं पोराला नाकारलं! माझ्या डोळ्यांदेखत, भर चौकात — आणि तेही त्याला कडेवर घेऊन.

बोरगावला गेले होते, मुलांच्या विम्याची नोंदणी बघायला. शेतमजुरांच्या मुलांसाठी नवी योजना आहे. घरच्यांनी वर्षाला मुलामागे दोन रुपये भरायचे, बाकीचा हप्ता सरकार भरणार. पोर आजारी पडलं तर कार्ड दाखवायचं. नागपूरच्या दवाखान्यापर्यंतचा सगळा खर्च निघतो. सध्या फक्त आमच्या तहसिलीत करून बघताहेत. नोंदणीचा बाबू छिंदवाड्याहून आलेला, हिंदी बोलणारा. शाळेच्या ओट्यावर टेबल टाकून बसला होता.

चंद्रकला नावाची बाई पुढं आली. नवरा गुणवंता संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला असतो. बाबूनं कडेवरच्या पोराकडं पेन दाखवलं.

"नाम?"

"कवडू."

"तुम्हारा लड़का?"

"नाही जी. हा माहा नाही."

"तो किसका है?"

"अंबाबाईचा."

पोराचं कपाळ तिचं, भुवया तिच्या, हनुवटीवरची खळीसुद्धा तिचीच! बाया पदराआड हसत होत्या, पण एकही बोलली नाही. ही अंबाबाई तिची शेजारीण, कामाला पांढुर्ण्याला गेलेली. बाबूनं पुढचं नाव पुकारलं. कवडू राहिला.

४ जानेवारी

बातमी दुपारच्या नागपूर बसच्या कंडक्टरजवळ दिली. बाबूचं म्हणणं — बोरगावची सर्व मुलं विम्याखाली आली. "सर्व" खोडून "बहुतेक" केलं. संपादक यशवंतरावांना "बहुतेक" आवडत नाही. नसू दे.

६ जानेवारी

आज कोडं सुटलं. चंद्रकलाची पहिली तिन्ही मुलं बारसं होण्याआधीच गेली. चौथा झाला तेव्हा सुईणीनं त्याला उंबऱ्यापलीकडं शेजारच्या अंबाबाईच्या ओटीत टाकलं, आणि अंबाबाईनं चंद्रकलाच्या हातावर एक कवडी ठेवली. झालं — विकला! आता तो या घरचा नाही, म्हणून मरण त्याला शोधत या दाराशी येणार नाही. नावही त्यावरूनच. चाल जुनी आहे. कवडू नावाची माणसं मी जन्मभर बघत आले आहे. पण एवढी घट्ट पाळणारी पहिलीच. पोरगं चार वर्षांचं झालंय, अंबाबाईला "माय" म्हणतं; आणि जिनं त्याला जन्म दिला, जिच्या कुशीत रोज झोपतं, तिला "मावशी"!

मी म्हटलं, चंद्रकला, सरकारी माणसाला तरी खरं सांगायचं.

"खरंच सांगतलं न बाई. कवडी घेतली म्या."

"पण विमा?"

"तीनदा माहं म्हनलं. तिन्ही गेले. आता नाही म्हनत."

गुणवंता शेजारी बसून बिडी विझवत होता. "मी तर पाय धरून थकलो इचे. म्हन्ते, तुले कार्ड पाह्यजे तं तूच लहान होऊन जाय."

चंद्रकला हसली. मीही हसले. अंबाबाई विधवा आहे, तिला मूलबाळ नाही. दोन घरांना मधली भिंत एकच.

१९ जानेवारी

कवडूचं पोट मडक्यासारखं ताणलंय! सौंसरच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेले त्याला, चंद्रकला-गुणवंतासोबत. आतड्याचा शेवटचा भाग जन्मापासूनच निकामी आहे, म्हणाले. इतकी वर्षं एरंडेल आणि लेपांवर निभलं! नागपूरला दोन ऑपरेशनं लागतील. पहिलं ताबडतोब — पोटाच्या बाजूनं शौचाला वाट काढून द्यायची. दुसरं तीनेक महिन्यांनी — खराब भाग काढून टाकायचा आणि ती वाट बंद करायची.

"दुसरं नाही झालं तर?"

डॉक्टर हात पुसत राहिले. "अशी मुलं टिकत नाहीत, बाई."

खर्चाचा आकडा गुणवंतानं दोनदा विचारून घेतला. नोंदणी महिनाअखेरपर्यंत सुरू आहे. एक वाक्य म्हणायचं फक्त — माझा मुलगा!

२० जानेवारी

नाही म्हणाली! पोर समोर कण्हतंय, आणि नाही!

"म्हनलं की मरन तो. तुमाले नाही समजत बाई, तुमी शिकल्या हा."

मला राग आला. राग मला सहसा येत नाही. मग एकदम सुचलं. अगदी सोपं. सगळं गाव त्याला अंबाबाईचा म्हणतं, पोरगाही तिला माय म्हणतो — मग नोंद अंबाबाईच्याच नावावर का नको? चंद्रकलाचं व्रत मोडत नाही, कार्ड मिळतं.

अंबाबाई पोटभर हसली. "बाप्पा! चार वर्सांचं बाळंतपन एका दिवसात! डिंकाचे लाडू कोन देईन मले?"

"मी देतो," चंद्रकला म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी होतं, पण हसत होती.

बाबूनं काही विचारलं नाही. अंबाबाईनं अंगठा दिला. पिवळं कार्ड. मी स्वतःवर खूश!

२३ जानेवारी

अंबाबाई कवडूला घेऊन नागपूरला गेली. दवाखान्यात कार्डावरच्या आईलाच राहता येतं, दुसऱ्या कुणाला नाही. चंद्रकलानं सौंसरच्या स्टँडवर पोराला बसच्या खिडकीतून आत दिलं. "मायजवळ राहाय बरं. रडू नोको." बस वळली तरी हात खिडकीच्या उंचीवरच धरून उभी होती.

३० जानेवारी

ऑपरेशन झालं. वाचला!

८ फेब्रुवारी

यशवंतरावांचा निरोप — योजनेनं वाचलेल्या पहिल्या मुलावर रविवारच्या पुरवणीसाठी लेख हवा. नागपूरच्या दवाखान्यात फोटोसुद्धा त्यांच्या माणसानं काढून ठेवलाय. सकाळी बसले. लेख भरभर झाला. एकाच जागी अडले: "कवडूची आई —" पुढं कोण? चंद्रकला लिहिलं तर कार्ड खोटं ठरतं. नाव गाळलं तर लेखात जीव राहत नाही. आणि बसची वेळ झालेली.

अंबाबाई लिहिलं.

१५ फेब्रुवारी

छापून आलं. फोटोत अंबाबाई कवडूला मांडीवर घेऊन बसलीय. बोरगावात अंक हातोहात फिरला म्हणे. चंद्रकलानं शेजारच्या पोरीकडून लेख वाचून घेतला. मग म्हणाली, "चांगलं लिवलं बाईनं." एवढंच.

२ मार्च

अंबाबाई आणि कवडू परत आलेत. भेटायला गेले तर अंबाबाई ओळखू येईना! वाळलीय, आवाज चढलाय. चुलीवर कवडूच्या पोटाच्या पट्ट्या उकळत होत्या. वाटेभोवतीची कातडी कशी पुसायची, खोबरेल कुठं लावायचं, काय खाऊ घातलं की त्रास होतो — सगळं तिला तोंडपाठ. चंद्रकला पोराला घ्यायला वाकली, तर:

"हात धुतले काय वो?"

चंद्रकला गेली, हात धुऊन आली.

"आता झोपून राह्यला. राहू दे."

भिंतीला भिंत. आज पहिल्यांदाच कवडू भिंतीच्या त्या बाजूला झोपणार.

१२ मार्च

अंबाबाई गेली! बिऱ्हाड उचलून पांढुर्ण्याला, भावाजवळ. कवडूला घेऊन! पहाटेच्या बसनं. कुणाला काही सांगितलं नाही.

चंद्रकला माझ्या दारात उभी. रडत नव्हती. "बाई, लेकराचं पांघरून इथंच राह्यलं," म्हणाली. तीनदा तेच म्हणाली.

१४ मार्च

पांढुर्ण्याला जाऊन आले. स्टेशनामागं अंबाबाईच्या भावाची खोली. कवडू दारात संत्र्याच्या पेटीचं फळकूट ओढत "गाडी, गाडी" करत होता. गालावर मांस आलंय.

मी म्हटलं, अंबाबाई, हे काय केलंस?

"काय केलं? माहं लेकरू माह्यासंग आनलं."

"तुझं?"

"त्याची घान कोनं काढली दवाखान्यात? सुई टोचली तं कोनाचं बोट चावून राह्यला होता तो? हे पाहा." बोटावर खरंच दातांचे वण होते. "कवडी देल्ली म्या. आंगठा देल्ला. आनखी काय द्यू बाई?"

"चंद्रकला त्याची आई आहे."

"तिनंच तर म्हनलं नाही म्हनून. साऱ्या गावासमोर. अन् तुमी —"

तिनं भिंतीकडं हात केला. माझा लेख! भाताच्या पेजेनं चिकटवलेला, फोटो बरोबर मधोमध. तिला वाचता येत नाही, पण बोट अचूक त्या ओळीवर ठेवलं. "इथं लिवलं न तुमी? भाऊनं वाचून दाखवलं. पेपरात खोटं लिवता काय?"

तिनं मला चहा दिला. मी तो प्यायले!

निघताना कवडूनं विचारलं — "मावशी काहून नाही आली?" अंबाबाई आत वळली.

२५ मार्च

गुणवंतानं तहसिलीत अर्ज दिला. चंद्रकलाला न विचारता. माझा मुलगा पळवला, असं लिहून घेतलंय कुणाकडून तरी. सुनावणी पुढच्या महिन्यात. साक्षीदार म्हणून माझं नाव — दोन्हीकडून! त्याच्याकडून, मला खरं ठाऊक म्हणून. तिच्याकडून, मी लेख लिहिला म्हणून.

३० मार्च

बाबूला वाटेत गाठलं. नाव न घेता सहज विचारलं, एखादं कार्ड खोटं निघालं तर?

"कार्ड रद्द. जो खर्चा हुआ, वसूल. ऊपर से केस." मग माझ्याकडं बघून, "बच्चे का नाम फिर अगली जनवरी में ही चढ़ेगा, नए सिरे से."

कवडूचं दुसरं ऑपरेशन मेच्या पहिल्या आठवड्यात आहे.

३१ मार्च

आजची बातमी लिहिता आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाकीट न देता स्टँडवरून परत आले. कंडक्टर ओरडला, "काय बाई, आज गावात काहीच नाही घडलं काय?"

११ एप्रिल

खरं बोलले तर आईला पोर मिळेल, आणि मेमध्ये ऑपरेशन होणार नाही. खोटं बोलले तर ऑपरेशन होईल, आणि ती आई राहणार नाही. माझ्याच सोप्या युक्तीनं हे करून ठेवलंय! यशवंतराव म्हणतात, प्रकृती बरी नाही असं कळवा आणि सुनावणीला जाऊच नका. चांगला माणूस. मलाही हेच सुचलं होतं, म्हणूनच त्यांच्या तोंडून ते ऐकवेना.

१८ एप्रिल

चंद्रकला आली. ऊन डोक्यावर. बसली नाही.

"बाई, एकच पुसतो. दुसरं आपरेशन कोन्या कार्डावर होईन?"

"त्याच. पिवळ्या."

"अन् मी माहा म्हनलं तं?"

मी सांगितलं, बाबू जे बोलला ते सगळं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. तिनं ऐकून घेतलं. पदराची गाठ सोडून हातावर काहीतरी घेतलं, बघितलं, परत बांधलं. कवडी! चार वर्षं गाठीला बांधून ठेवलीय.

"तुमी काय सांगसान तिथं?"

"खरं सांगावं असं वाटतं, चंद्रकला. पण तू म्हणशील ते."

"पानी द्या," म्हणाली. पाणी पिऊन गेली.

२२ एप्रिल

तहसीलदारांनी माझ्याआधी तिला विचारलं. कवडू समोरच, अंबाबाईच्या कडेवर. हिला बघून "मावशी, मावशी" करत दोन्ही हात पुढं केलेले. अंबाबाईची मान खाली.

चंद्रकलानं त्याच्याकडं बघत सांगितलं — "हा माहा नाही, साहेब."

गुणवंता तसाच बाहेर निघून गेला. मला कुणी काही विचारलंच नाही.

अंगठा देऊन बाहेर आली. शाई पदराला पुसली, मग माझा हात धरला — "आता तं नाही मरन न बाई तो?"