गेल्या सालची पिसं

वेरावळ,
७ डिसेंबर

प्रिय नूतनताय,

तुला आणि आबांना नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. बर्फाच्या कारखान्यात बोटं बधिर होतात, म्हणून अक्षर असं. फोनवर तू लगेच दुसरंच काहीतरी काढतेस, म्हणून कागद घेतला.

इथल्या बंदरातही कुरव आलेत, मासळीवर घिरट्या घालतात. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची वयं ओळखत बसतो. बरोबरचा हिरामण म्हणतो, "मोरू, पक्ष्यांच्या पत्रिका काढतोस काय?"

परवा तू होडीचा फोटो पाठवलास. खाली लिहिलंस, 'आज सकाळची आपली भागुबाई.' होडीवर आईचं नाव बघून बरं वाटलं. पुढच्या टोकावर आपला एका पायाचा लंगडा कुरव बसलेला. हिरामणलाही दाखवला.

मग फोटो मोठा करून बघितला. पंखांवर तपकिरी डाग, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. ताय, लंगडा गेल्या थंडीत पिल्लू होता. तूच पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना होडीत सांगायचीस नि मी वल्हं धरून ऐकायचो. पहिल्या साली डाग नि पट्टी. पावसाळ्यात ती पिसं झडतात, दुसऱ्या थंडीत पंख राखाडी, शेपटी पांढरी. मग याची पट्टी अजून कशी?

म्हटलं, दुसरा कुणी लंगडा असेल. म्हणून शेजारच्या चंदरला फोन लावला.

"काय मोरू, तुला ठाव न्हाय? गणपतीच्या आधीच श्रीवर्धनवाले होडी घेऊन गेले. मला वाटलं, तूच व्हय म्हणालास."

मी तळा गावात कामाला टिकलो नाही, पनवेलला टिकलो नाही, हे खरं. इथंही टिकणार नाही असं तुम्ही धरूनच चाललात. पण होळीला येऊन होडी मी चालवणार, हे तुझ्यासमोर ठरलं होतं. आबांचा गुडघा मला दिसत नाही काय? विकायची तर विकायची, पण विचारायचं होतं. निदान गेल्या सालचा फोटो आजचा म्हणून तरी पाठवायचा नव्हता.

आबांना सगळे कुरव सारखेच. पण तुला शेपटी दिसली नाही, असं कसं म्हणू? का वाटलं, मोरूला काय कळतंय?

होळीला माझी वाट बघू नका.

लंगडा यंदा आला असेल तर राखाडी झाला असेल. तो आता कुठं बसतो, तेवढं खरं कळव.

मोरू