शेळ्यांनी चाटलेला दवाखाना

४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाने नोंद ठेवावी.
काम: रोडपालीच्या मागे, खाडीकडेच्या वस्तीत दवाखाना. जागा माझी, भूसंपादनातून उरलेले दोन गुंठे. बांधकाम पूर्ण इको-फ्रेंडली. मातीच्या भिंती, वर कौलं, सोलरचा पंखा. सिमेंटचं एक पोतं आत येणार नाही. सातवीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण मोबाइलवर एकवीस व्हिडिओ पाहिलेत. इंजिनिअर लागणार नाही.
पनवेलच्या डॉक्टर जास्मीन दर बुधवारी फुकट तपासायला तयार आहेत. अट एकच, एक एप्रिलच्या आत कोरडी, पक्की खोली हवी. म्हटलं, मार्चमध्येच या.

७ जानेवारी
एका ट्रस्टचा फोन. त्यांच्याकडे पत्र्याची तयार केबिन आहे, ट्रकने आणून ठेवतो म्हणाले. खिडक्या, पंखा, बेसिन, सगळं आत. मी नम्रपणे नाही सांगितलं. पत्र्याच्या डब्यात पेशंट भाजून निघेल.
वस्तीला विचारायला हवं होतं. पण दहा जणांना विचारलं की अकरा मतं निघतात. सावकाश सांगेन.

१२ जानेवारी
माती कुठून आणायची, हा प्रश्न सुटला. आमच्या बंद पडलेल्या मिठागराचा बांध. आजोबांच्या काळापासून खाडी अडवून उभा होता. जो समुद्राला हटला नाही, तो दवाखान्याला कमी पडेल?
ट्रॅक्टर बघून गुणाबाई आली. वस्तीतली जाणती बाई, पूर्वी आमच्याच मिठागरावर कामाला होती. म्हणाली, दाजी, ही माती घराला घेव नका, खारी हाय, ती कंदी बसत नाय. मी तिला बांधाचा दाखला दिला. ती म्हणाली, तुमी बांधावर उभे रायलात, आमी बांधात.
तिची सून मालू बरोबर होती. तिसरा महिना आहे. मागच्या खेपेला तपासायला लांब जाणं झालं नाही आणि मूल हाती लागलं नाही. दवाखान्याची घाई आहे ती मालूसाठी. म्हणून तर मातीवर वाद घालत बसायला वेळ नाही.

२ फेब्रुवारी
आठ दिवस लिहायचं राहिलं. तीन आठवडे. कामाचा व्याप. विटा वाळल्या, दिसायला सुरेख. दोन उचलताना तुटल्या. त्या नमुन्याच्या होत्या.

६ मार्च
भिंती पूर्ण. आज त्यांवर पांढरी पूड दिसली. आमच्या शांतीने बोट लावून चाटलं आणि म्हणाली, मीठ आहे. मी समजावलं, मातीची भिंत श्वास घेते, आपला चुना आपणच काढते. ती म्हणाली, मग उद्याच्या वरणात टाकू का थोडा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, बाईला पर्यावरण कळत नाही.

१३ मार्च
वस्तीतल्या शेळ्या येऊन भिंत चाटतात. केमिकल असतं तर मुक्या जनावराने तोंड लावलं असतं का? फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांनी विचारलं, चाचा, कोपऱ्यात खड्डा कसला? लिहिलं, कोनाडा.

२१ मार्च
कोनाड्यातून हात पलीकडे जातो. राखणीला स्टूल टाकून बसलो. शेळ्या अकरा, मी एक. चहाला उठलो तेवढ्यात खिडकी झाली. आराखड्यात नव्हती. हवा मात्र छान येते.

२६ मार्च
शेणमातीचा गिलावा सकाळी चढवला, संध्याकाळी उतरला. आपसूक.
गुणाबाई आली. उतरलेला गिलावा ओलांडून आत शिरली. तिने विचारलं, दाजी, कुनी तरी तयार खोली देनार व्हते म्हनतात, खरं का? मी म्हटलं, चौकशी चालू आहे. ती म्हणाली, बरं झालं, तुमी हाव म्हनून. आणि गेली.
चौकशी चालू नव्हती. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

२७ मार्च, सकाळी ९
चौकशी केली. मग कालचं पूर्ण खोटं नव्हे. केबिन जानेवारीतच पळस्प्याकडच्या एका वस्तीला गेली. फोनवरची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, तुम्हीच नको म्हणाला होता ना काका.

१ एप्रिल
डॉक्टर जास्मीन आल्या. वस्तीतल्या बायका जमल्या. मी नारळ आणला होता. डॉक्टरांनी खुंटीला बॅग अडकवली. बॅग, खुंटी आणि खुंटीमागची भिंत एकदमच खाली आली. कुणाला लागलं नाही. डॉक्टरांच्या केसांतून माती झटकायला मालू पुढे झाली.
डॉक्टर म्हणाल्या, चाचा, तुमची नियत चांगली आहे, पण इथे मी पेशंट झोपवू शकत नाही. बुधवार पळस्प्याला देते, तिथे केबिन आहे.
मी गुणाबाईला विचारलं, मग तो बांध इतकी वर्षं टिकला कसा? ती म्हणाली, कुठं टिकला, दरवर्षी वाहून जायाचा. पावसाळा सरला की आमी बाया महिनाभर चिखल तुडवायचो. तुमी यायचात बांध झाल्यावर, छत्री घेवन.
खरं आहे. सत्तर वर्षं मी ज्याला आजोबांचा बांध म्हणत आलो, तो दरसाल या बायकांचा होता.
केबिनचं तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकणार होतो. तोंडही उघडलं. पण नारळ वाटायचा होता. उद्या सांगेन.

२ एप्रिल
आज गुणाबाई घरी नव्हती. म्हणजे असेल. मी गेलो नाही.

१५ एप्रिल, बुधवार
मालूला रिक्षाने पळस्प्याला नेलं. सहावा महिना. कळंबोली सर्कलला पाऊण तास अडकलो, उन्हाने तिला घेरी आली, रिक्षा बाजूला घेऊन पाणी मारलं. केबिन आतून चांगली गार आहे. छतावर सोलरसुद्धा आहे. बाळ ठीक आहे, पण दर पंधरवड्याला यायला सांगितलंय.
बाहेर बाकावर मालू शेजारच्या बायकांना सांगत होती, दाजी नसते तर मी हितवर आलेच नसते.
खरं आहे. मी नसतो तर तिला तिथवर जावंच लागलं नसतं.