टिटवीभोवतीची रेघ

रवि. १४ एप्रिल ९६
संध्याकाळी सुनंदाबरोबर उरणच्या किनाऱ्यावर. तिला सहावा लागलाय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. वाशीकडून आलेल्या गाड्या थेट वाळूत. सुरूच्या झाडांपाशी क्रिकेट चाललेलं आणि वर टिटवी नुसती कोकलत होती. बघतो तर स्टंपाला लागूनच खळग्यात अंडी, खड्यांसारखीच दिसणारी. पोरांच्या वडिलांना दाखवली. म्हणाले, "साहेब, पोरांनी मग खेळायचं कुठं? फ्लॅटमध्ये?" हलले, पण कुरकुरत. त्यांचंही चूक नाही. आमच्या शाळेला तरी मैदान कुठाय, पी.टी.चा तास मी याच वाळूत घेतो.

मंगळ. १६
पुठ्ठ्याची पाटी लावली होती, ती वाऱ्याने गेली. शेवटी शाळेतली चुन्याची फक्की नेली. स्पर्धेला ट्रॅक आखतो तसं अंड्यांभोवती मोठं रिंगण मारलं. हात बसलेला, रेघ झकास आली. टिटवीने डोक्यावर झेपा घेऊन वैताग आणला.

गुरु. १८
काल अमावास्या. आज रिंगणाच्या कडेला लिंबू, कुंकू, टाचण्या. कोळीवाड्यातली हिरूबाय तिथेच मासळी वाळवत होती. "कोनीतरी करनी केली हाय मास्तर. पोरांना तिकरं नेव नको." रेघ माझी आहे हे सांगणार होतो. नाही सांगितलं. हसू येत होतं म्हणून असेल.

रवि. २१
किनारा फुललेला, पण रिंगणाकडे कोणी फिरकलं नाही. क्रिकेट पार खडकांपाशी. वाशीची शिकलेली माणसं, तीही लांबून वळसा घालून. पाटीने झालं नाही ते लिंबाने केलं. टिटवी दिवसभर निवांत बसून. मी कुणाशी खोटं बोललेलो नाही. खूश आहे.

बुध. २४
सु. जेवली नाही. परवा चालताना तिचा पाय त्या रेघेवर पडला होता, ते आज बोलली. तिन्हीसांजेला टिटवी आमच्या गच्चीवरून ओरडत जाते, ती आपल्यालाच हाक मारते म्हणते. मागच्या वर्षी पाचव्यात गेलं बाळ, तेव्हाही ओरडत होती म्हणे. मला आठवत नाही. सगळं सांगून टाकलं. फक्की शाळेची, रेघ माझी, आत नुसती अंडी.
म्हणाली, "आणि लिंबू? तेही तुम्हीच ठेवलंत?"


शनि. २७
हिरूबायला खरं सांगितलं. म्हटलं, ती तरी सु.ला समजावेल. तिने रिंगणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेघ तू मारलीस, पन मागनं त्याच्यात कोनी काय घातलं ते तुला ठाव हाय? आता ती तुजी नाय राह्यली." ऐकून मलाच कसंतरी झालं.
सु.चं एकच, पुसून टाका, लिंबू समुद्रात टाका. रेघ तशीही वाऱ्याने फिकी झालीय. पण उद्या रविवार, पुसली तर अंडी संध्याकाळपर्यंत पायाखाली. न पुसावी तर ही अशी उपाशी, भिंतीकडे तोंड करून. पोरांकडून म्हण घोकून घेतो आम्ही, टिटवी देखील समुद्र आटविते. आमच्या घरातली झोप तर आटवलीच तिने. भीती वाटते, सु.साठी आणि बाळासाठी.

रवि. २८
सु.ला शब्द देऊन सकाळीच खराटा घेऊन आलो. रेघ ठळक आहे. पांढरीशुभ्र, तांदळाच्या पिठाची. माझी फक्की नव्हे. लिंबूही नवं. आसपास कोणी नाही. टिटवी अंड्यांवरून हललीच नाही, माझ्याकडे बघत राहिली.
कडेला चपला काढून उभा राहिलो. का काढल्या, माहीत नाही. एक पाऊल आत टाकायचं आणि झाडायचं, एवढंच काम. टाकवेना.
डायरी पिशवीतच होती, सुरूखाली बसून हे लिहितोय. खराटा शेजारी तसाच. रस्त्यावर पहिल्या टेम्पोचा हॉर्न वाजला. घरी सु. दारातच विचारेल, पुसलीत का, आणि…