वंदनाच्या खुर्चीत तिचा नवरा

मंगळवार, संध्याकाळ. गोडादरा.

डोकं अजून भणभणतंय. नळाला गटाराचं पाणी येतंय म्हणून आम्ही बायका नगरसेविकेच्या ऑफिसात गेलो. नगरसेविका म्हणजे आमच्याच गल्लीतली वंदना. सीट बायकांसाठी राखीव झाली म्हणून उभी राहिली आणि निवडून आली. आणि खुर्चीत कोण? तिचा नवरा, सुभाषभाऊ. ती बाजूला स्टुलावर.

"बोला ताई, काय काम?" त्यांनी विचारलं.

"काम वंदनाकडे आहे."

"तिला काय विचारता? सगळं मीच बघतो. पाइपलाइन बदलायला वरून मंजुरी लागते."

वंदनाची मान खाली. मला त्यांच्यापेक्षा तिचाच राग आला. प्रचारात घरोघर फिरलो ते हिच्यासाठी, की या माणसाला खुर्ची मिळावी म्हणून?

नळाच्या पाण्याची बाटली मी तिच्यापुढे ठेवली. "मत तुला दिलंय. तू सांग."

तिने झाकण काढून वास घेतला. तोंड वाकडं झालं. मग नवऱ्याला घरच्या अहिराणीत म्हणाली, "उठा जरा. माले फोन करना शे."

ते हसले. ती हसली नाही. शेवटी उठले.

खुर्चीत बसून तिने महापालिकेच्या गुजराती इंजिनिअरला फोन लावला. त्याच्याच गुजरातीत स्पष्ट सांगितलं, उद्या सकाळी माणसं पाठवा, मी स्वतः गल्लीत उभी राहते.

आता माणसं येतात की नाही, देव जाणे. या कामांचा मला काडीचा भरवसा नाही. नाही आली तर पुन्हा जाऊ. पण तिच्याकडेच.