तीन बाण आणि डबल बेल

प्रिय निशा,

फोन वाजून वाजून थकतो, पण तू काही उचलत नाहीस. म्हणून आज ओट्यावर पाट घेऊन पत्र लिहायला बसलोय. कंडक्टरकीत धावत्या एसटीत लिहून लिहून माझं अक्षर बिघडलंय, तेवढं सांभाळून घे.

पुण्याच्या मुलाखतीत काय झालं ते तू मला नाही सांगितलंस, मायला सांगितलंस. तीन साहेबांसमोर प्रोग्राम लिहायला बसवलं, पहिल्याच ओळीला चूक दाखवणारी लाल अक्षरं आली, एक जण हसला आणि तू उठून आलीस. चार वर्षांचं कॉम्प्युटरचं शिक्षण बाजूला टाकून नाशिकला मावशीच्या साड्यांच्या दुकानात उभी राहिलीस. जाताना म्हणालीस, लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाका. बरं म्हटलं, पण दिला नाही. उलट तुझी पहिल्या वर्षाची वही काढली आणि रोज दुपारी जेवण झालं की लॅपटॉपसमोर बसायला लागलो. तुझी माय ओरडली, मन्ही पोरनं शे ते, हात नका लावा! पण मी ऐकतो थोडंच?

प्रोग्राम लिहायची काळी खिडकी उघडली. तीन बाण आले, >>> असे, आणि गप्प. वहीत बघून दोन अधिक दोन लिहिलं, लगेच चार म्हणून उत्तर. म्हटलं, एवढं तर मलाही येतं! मग नोकरीची बत्तीस वर्षं, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, दिवसाचे एकशे नव्वद किलोमीटर असा गुणाकार टाकला. सतरा लाख दोन हजार चारशे! चंद्रावर दोनदा जाऊन परत आलो असतो गं. मायला सांगितलं, तर म्हणे, आणि घरी एक दिवस वेळेवर नाही आलात.

मग हौसेने माझं नाव लिहिलं, उमाकांत. झालं! लाल अक्षरांचा ढीग. शेवटच्या ओळीचा अर्थ तुझ्या वहीत सापडला, हे नाव मला माहीत नाही. अरे वा रे वा! शहादा आगारात जाऊन विचार म्हणावं. वहीत तू लिहिलंयस, आधी सांगायचं, मग विचारायचं. म्हणून उमाकांत बरोबर बासष्ट, म्हणजे माझं वय, असं सांगितलं, पुन्हा नाव लिहिलं, तर मुकाट्याने बासष्ट आलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा ओळख नाही! मला वाटलं, मी मोडलंच ते. तुझ्या वहीत खाली रेघ मारलेली होती, खिडकी बंद केली की सगळं विसरतं. बुधवारी मी एक्केचाळीस चुका केल्या, मोजल्या. गुरुवारी उघडलं तर एकही त्याच्या लक्षात नाही. तेच तीन बाण, आणि माझी वाट बघत बसलेले.

तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात म्हसावदला उतारू चहाला उतरले होते आणि मी न मोजताच गाडी सोडायची डबल बेल मारली. सात माणसं मागे राहिली. आगारात महिनाभर हसत होते. राजीनामा लिहून खिशात ठेवला होता मी. दुसऱ्या सकाळी मोतीलाल ड्रायव्हर गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि माझ्या बेलची वाट बघत राहिले. तो कागद मग खिशातच घामाने भिजून गेला.

आता खरं कारण सांगतो. सोमवारी त्या कंपनीतून घरच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. तुझा आधी पाठवलेला प्रोग्राम त्यांना आवडलाय, पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावतायत. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलाय. पत्र, वही आणि लॅपटॉप नथ्थू कंडक्टरच्या नाशिक गाडीत त्याच्या सीटखाली ठेवतोय, स्टँडवरून आणून तुला द्यायला मावशीला सांगितलंय. मुलाखतीला नाही गेलीस तरी माझीच पोर आहेस, मला राग येणार नाही. पण एकदा खिडकी उघडून बघ. गाडी चालू आहे बेटा, डबल बेल तू मार.

तुझाच,
बासष्ट वर्षांचा विद्यार्थी,
आप्पा